मदत हवी आहे: जुनोकॅमच्या लाल डागाचे रंग जुळत नाहीत, गुरुवारपर्यंत फाईल द्यायची आहे

दांडियाबझारकर
नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून धागा काढतोय. नासाच्या जुनो यानाच्या (जुनोकॅम हा त्याचा कॅमेरा) साइटवरून गुरूच्या लाल डागाचा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला फोटो उतरवला, तो पट्ट्यापट्ट्यांनी येतो, त्या पट्ट्या कापल्या, तिन्ही रंग वेगळे केले, एकावर एक ठेवले. डागापाशी जुळवलं की ग्रहाच्या वरच्या-खालच्या कडेला लाल-निळी झालर येते. कडेला जुळवलं की डाग तीन-तीन दिसतात. गिंपमध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) सरकवून सरकवून बोटं दुखायला लागली. काय करू?

यंदा मंडळाचा देखावा नवग्रहांचा आहे. गुरूचा दहा फुटी फ्लेक्स माझ्या गळ्यात पडलाय. रावपुऱ्यातला फ्लेक्सवाला म्हणतो, गुरुवार पछी नहीं. तेव्हा लवकर सांगा. आणि "नासाचा तयार फोटो घे" हे कृपया कोणी सांगू नका.

सेवउसळ
नासाचा तयार फोटो का घेत नाही? फुकट असतो आणि तुमच्यापेक्षा बरा असतो.

बाकी बडोद्याचं नाव वाचून बरं वाटलं. ठाण्यात येऊन जमाना झाला, पण तिखट तरीची सेव-उसळ इथे मिळत नाही ती नाहीच.

निशाचर
कुठला फोटो? डागावरून जुनो एकदाच गेलेलं नाही. कितवा पेरिजोव्ह, म्हणजे गुरूच्या अगदी जवळून गेलेली कितवी फेरी? पट्टी किती उंचीची कापली? रंगांचा क्रम कुठला धरला? एकाखाली एक लावताना किती पिक्सेलचं अंतर ठेवलं?

दांडियाबझारकर
पट्ट्या बरोबरच कापल्यात हो. पीएनजी आहे, १६४८ रुंद. प्रश्न रंगांचा आहे.

आबा_कोथरूड
हे गिंप-बिंप सोडा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं आयसिस हे एकच खरं सॉफ्टवेअर. विंडोज असेल तर आधी लिनक्स टाका. त्यात जुनोकॅमसाठी वेगळी आज्ञावली आहे, कर्नल (यानाची जागा, दिशा, वेळ यांच्या माहितीच्या फाईली) जोडायची सोय आहे, नकाशावर बसवायची सोय आहे. शिकायला दोन-तीन महिने द्या, आयुष्यभर उपयोगी पडेल.

अजगर
आबा, माणसाला गुरुवारपर्यंत हवंय.

आबा_कोथरूड
घाईची कामं अशीच होतात.

निशाचर
दांडियाबझारकर, रुंदी सगळ्यांचीच १६४८ असते. फाईलच्या उंचीला ३८४ ने पूर्ण भाग जातो का बघा. एक पट्टी १२८ ची, तीन रंगांची मिळून ३८४ ची एक फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये वरून निळी, मग हिरवी, मग लाल. आणि पेरिजोव्ह अजून सांगितला नाहीत.

राहूकाळ
नवग्रहांच्या मांडणीत गुरू उत्तरेला ठेवावा, मध्ये सूर्य. गुरूचा रंग पिवळा. लाल डाग दाखवलात तर बघणाऱ्याला मंगळ वाटेल.

दांडियाबझारकर
@निशाचर: भाग जातो. क्रम तोच धरलाय. अंतर ११५ ठेवलंय, १२८ वर शिवणीपाशी तोच ढग दोनदा येत होता. पीजे७ (सातवा पेरिजोव्ह), जुलै २०१७. याचा रंगांशी काय संबंध ते कळलं नाही.

@राहूकाळ: मंडळात कळवतो.

निशाचर
संबंध आहे, सगळाच आहे. आता नीट सांगता येईल.

जुनोकॅम आपल्या मोबाईलसारखी अख्खी चौकट एका वेळी टिपत नाही. यान मिनिटाला दोन फेऱ्या घेत स्वतःभोवती फिरतं, म्हणजे सेकंदाला १२ अंश. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगांच्या गाळण्या पट्ट्यापट्ट्यांनी बसवल्या आहेत आणि यान फिरतं तसा ग्रह त्या पट्ट्यांवरून सरकत जातो. शेजारच्या दोन रंगांत साधारण १५५ पिक्सेलचं अंतर आहे आणि एक पिक्सेल म्हणजे अंशाचा जवळपास पंचविसावा भाग. हिशेब केलात तर ढगाचा एकच तुकडा एका रंगातून पुढच्या रंगात यायला अर्धा सेकंद लागतो. निळ्यापासून लालपर्यंत एक सेकंद.

या एका सेकंदात यान जागेवर उभं नसतं. ११ जुलै २०१७ ला डागाचे फोटो घेतले ते ढगांच्या माथ्यापासून सुमारे १०,००० ते १४,००० किमीवरून. वेग सेकंदाला ५० किमीच्या वर. १४,००० किमीवरून एक पिक्सेल साधारण साडेनऊ किमीचा पडतो. म्हणजे निळा रंग टिपून लाल टिपेपर्यंत थेट खालचे ढग पाच-सहा पिक्सेल सरकलेले असतात. ग्रहाच्या कडेचे ढग यानापासून तिपटीहून जास्त लांब, ते एखाद-दोन पिक्सेलच सरकतात. आता तुम्ही अख्खा लाल थर एकाच मापाने सरकवताय. डागाला हवे सहा, कडेला हवे दोन. गिंपमध्ये बसून दिवाळी आली तरी जुळणार नाही.

तुमचं ११५ सुद्धा याच कारणाने सगळीकडे सारखं लागू पडणार नाही. शिवाय भिंगाची वक्रता आहेच, ती डाव्या-उजव्या टोकाला दिसते.

मंगळमूर्ती
बडोद्यात बसून अमेरिकेच्या यानाचं कौतुक! तुमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहमदाबादला इस्रोचं अंतराळ उपयोग केंद्र आहे, मंगळयानाचा रंगीत कॅमेरा तिथेच तयार झाला. २०४८ बाय २०४८ ची पूर्ण चौकट एका झटक्यात, पट्ट्या नाहीत आणि झालरही नाही. त्यात कक्षा इतकी लांबोडी की ७०,००० किमीवरून अख्खा मंगळ एका फोटोत. असा दुसरा कॅमेरा दाखवा.

अजगर
मंगळयानाबद्दल आदर आहेच, पण ते गुरूला गेलं नव्हतं.

मंगळमूर्ती
नवग्रहांत मंगळ आहे ना? मग तो आधी करा.

दांडियाबझारकर
मंगळ दुसऱ्याकडे आहे, त्याचा झालासुद्धा. माझ्याकडे गुरू आहे.

@निशाचर: कळलं. मग करू काय?

अजगर
पायथॉन. त्यात स्पाइसीपाय (कर्नल वाचणारी लायब्ररी) टाका. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या नाइफ या गटाकडून जुनोचे कर्नल उतरवा: यानाची जागा, यानाची दिशा, कॅमेऱ्याचं मोजमाप, ग्रहांचे आकार, लीप सेकंद. मग पट्टीतल्या प्रत्येक पिक्सेलसाठी त्या क्षणी कॅमेरा कुठे बघत होता तो किरण काढायचा, तो गुरूच्या लंबगोलाला कुठे आदळतो ते अक्षांश-रेखांश काढायचे आणि रंग तिथे नकाशावर ठेवायचा. विषुववृत्ताशी त्रिज्या ७१,४९२, ध्रुवाशी ६६,८५४. गोल धरलात तर परत झालर येईल. तिन्ही रंग नकाशावर आले की आपोआप एकावर एक बसतात, सरकवायचं कामच उरत नाही. शेवटी नकाशावरून हव्या त्या कोनातून चित्र काढा.

माझा जुना कोड आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आबा_कोथरूड
म्हणजे आयसिस जे करतं तेच हाताने करायचं.

अजगर
हो, पण गुरुवारच्या आत.

आबा_कोथरूड
आणि कोणी तपासलं तुमचा कोड बरोबर आहे ते? आयसिस जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. तुमचा कोड तुम्ही वापरता.

अजगर
चित्र बघून कळतं की बरोबर आहे की नाही. झालर गेली म्हणजे बरोबर. इथे शोधनिबंध लिहायचा नाहीये आबा, मांडवात फ्लेक्स लावायचाय.

सेवउसळ
तुमच्या वेळी कमाटी बागेतलं तारांगण चालू होतं का हो? आम्हाला शाळेतून नेलं होतं. अर्धी मुलं आत झोपली, बाई पण.

छापखाना
छपाईतला माणूस म्हणून सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. दहा फूट म्हणजे १२० इंच. तुमच्याकडे कामाचे १६०० पिक्सेल. इंचाला तेराच ठिपके. चौकातल्या होर्डिंगला चालून जातं, पण मांडवात लोक तीन फुटांवर उभे राहून आरती म्हणणार. त्यांना ढग नाही, चौकोन दिसतील. चार फुटी करा, उरलेल्या जागेत काळा पडदा आणि लाइटिंग. आणि फाईल टिफ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो छापायला आणतात लोक, मग आमच्या नावाने बोंब.

दांडियाबझारकर
चार फुटी म्हटलं तर अध्यक्ष मला वर्गणी मागायला पाठवतील. दहा फुटी छापतो, पण मूर्तीच्या मागे उंचावर लावतो, जवळ कोणी जाणार नाही.

@अजगर: कोड मिळाला, चालला. झालर कमी झाली पण अख्खं चित्र ग्रहापासून निसटल्यासारखं दिसतंय. एका बाजूला ढग कडेच्या बाहेर, दुसऱ्या बाजूला काळी चंद्रकोर.

अजगर
वेळ कुठून घेतली?

दांडियाबझारकर
फोटोबरोबर येणाऱ्या माहितीच्या जेसन फाईलमधून. दुसरीकडून कुठून घेणार?

अजगर
ती जशीच्या तशी चालत नाही. सुरुवातीच्या वेळेत सुमारे ६२ मिलिसेकंद मिळवायचे आणि दोन फ्रेममधल्या अंतरात १ मिलिसेकंद. कॅमेऱ्याच्या कर्नलमध्येच टिपण म्हणून लिहिलंय, पण ती फाईल उघडून वाचतं कोण. ६२ मिलिसेकंद ऐकायला काहीच नाही, पण सेकंदाला १२ अंशांच्या वेगाने तेवढ्यात १९ पिक्सेल हुकतात. तरी थोडं निसटलंच तर पाच-दहा मिलिसेकंद मागेपुढे करून ग्रहाची कड बसवा, सुरुवातीच्या वेळेत तेवढा हेलकावा असतो.

निशाचर
अजगरशी सहमत. आणि ज्यांना कोड नको त्यांच्यासाठी सोपी वाट: त्याच फेरीतला लांबून काढलेला फोटो घ्या. ५०,००० किमीवरून एक पिक्सेल ३३-३४ किमीचा होतो, यानाचा वेगही थोडा उतरलेला असतो. निळा ते लाल सरक जेमतेम दीड पिक्सेल. तिथे गिंपसुद्धा चालतं. अर्थात डाग पाचशेएक पिक्सेलचाच मिळेल (२०१७ च्या मोजमापात तो १६,३५० किमी रुंद होता), म्हणजे तुमच्या फ्लेक्सच्या कामाचा नाही.

दांडियाबझारकर
मिळवले. बसलं!! कडेची झालर शोधावी लागतेय. पण रंग मेलेले दिसतात, राखाडी-हिरवट. नासाच्या फोटोत केवढा भगवा असतो.

आबा_कोथरूड
तो भगवा खोटा आहे. लोक रंग ताणून ताणून भडक करतात आणि शेअर करतात. गुरू दुर्बिणीतून बघा, फिकट सायीसारखा दिसतो.

निशाचर
खोटा म्हणू नका आबा, वाढवलेला म्हणा. ढगांतले फरक दिसावेत म्हणून वाढवतात आणि तसं खाली लिहितात. ज्यांनी नासाच्या रॉ फोटोंवर वर्षानुवर्षं घरी बसून काम केलंय त्यांचे तेच फोटो नासा स्वतः छापते. हा कॅमेरा मुळात लोकांसाठीच ठेवला होता.

दांडियाबझारकर, मेलेल्या रंगाचं कारण वेगळं आहे. कॅमेरा १२ बिटांत टिपतो आणि पृथ्वीवर पाठवायला ८ बिटांत दाबतो, साधारण वर्गमूळ घेतल्यासारखं. अंधारातले बारकावे टिकतात, उजेडातले चेपले जातात. रंग जुळवण्याआधी तो दाब उलटा करायचा, म्हणजे आकडे परत सरळ करायचे. मग लाल आणि निळ्याचं वजन ठरवायचं, शेवटी हवा तेवढा गडदपणा. क्रम उलटा केलात तर असंच राखाडी येतं.

मंगळमूर्ती
चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांनी घरी बसून नासाचेच फोटो चाळून चंद्रावर कोसळलेल्या चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरचे अवशेष शोधले. डिसेंबर २०१९ मध्ये नासाने मान्य केलं. तुम्ही चांद्रयान-२ चे फोटो बघा, शंभर किमीवरून पाव मीटरचा पिक्सेल. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करा.

दांडियाबझारकर
नवरात्रीनंतर बघतो. आता रंग सरळ करतोय.

दांडियाबझारकर
झालं. डागाच्या भोवतीच्या त्या गुंडाळ्या अशा सुटून दिसतायत की अध्यक्षांनी विचारलं, हे कॉम्प्युटरवर काढलंय का. डाव्या बाजूला एका शिवणीपाशी हलकी निळी रेघ राहिलीय, ती मूर्तीच्या प्रभावळीमागे जाईल. फ्लेक्सवाल्याला टिफ दिली. तो म्हणतो एवढं काळं आकाश छापायला शाई जास्त जाते, पैसे वेगळे. त्याच्याशी आता गुजरातीत भांडतोय.

निशाचर
खालच्या कोपऱ्यात श्रेय लिहायला विसरू नका: नासा, जेपीएल-कॅलटेक, स्वरी (साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट) आणि मॅलिन स्पेस सायन्स सिस्टिम्स. प्रक्रिया म्हणून तुमचं नाव.

आबा_कोथरूड
उत्तम. पुढच्या वर्षी शनी करणार असाल तर आजच लिनक्स टाका.

बर्फाळ
माझाही सेम प्रॉब्लेम आहे, गुरूचा चंद्र युरोपा याच्या जुनोकॅम फोटोत. २९ सप्टेंबर २०२२ चा. अजगर यांचा कोड मागून घेतला, सगळं टाकलं, पण चित्र पूर्ण काळं येतं. उद्या कॉलेजात सादरीकरण आहे, लवकर सांगा प्लीज.

अजगर
कोडमधला लंबगोल गुरूचाच ठेवलायत का? युरोपाची त्रिज्या १,५६१ किमीच्या आसपास आहे, ती टाका. आणि लक्ष्यही बदला, नाहीतर किरण गुरूलाच शोधत बसतील.

बर्फाळ
लक्ष्य म्हणजे कुठली ओळ?