कृतज्ञतेची वही दोन आठवड्यांत का सुटते

प्रश्न असा आहे की रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला घेतल्या, पण पंधरवड्यात तेच ते 'घरचे, तब्येत, नोकरी' येऊ लागलं आणि वही सुटली. यात तुमची चिकाटी कमी पडलेली नाही, पद्धत अर्धीच पोचली आहे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रत्येक गोष्टीपुढे 'हे का घडलं' हेही लिहायचं होतं, आणि सराव फक्त एक आठवड्याचा होता.

'नवरा समजूतदार आहे' असं मोघम नको. 'आज त्याने कुकर लावून ठेवला, कारण मला उशीर होणार हे त्याच्या लक्षात होतं' असं लिहा. माझ्या मते सगळा जीव त्या 'कारण'मध्ये आहे. कारण सुचत नसेल तर गोष्ट फार मोठी निवडली आहे, लहान घ्या.

दहा मिनिटं पुरतात. आठवड्यानंतर रोजचा हट्ट सोडा, रविवारी एकदा लिहिलं तरी चालेल. रोजच्या नोंदींना मन सरावतं आणि त्या बोथट होतात. दिवस खरंच वाईट गेला असेल तर ओढूनताणून आभार नकोत, आधी जे खुपलं ते दोन ओळींत उतरवा. आणि दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.