बिनरंगाची सीडर पेन्सिल: फरक लाकडाचा की बनवणाऱ्याचा?

रेघोट्या: रोज दोन-तीन तास पेन्सिलीने चित्रं काढतो. टोक ब्लेडनेच काढायची सवय. गेल्या महिन्यात बारा पेन्सिलींचं खोकं आणलं, चकचकीत रंग, सोनेरी अक्षरं. तिसऱ्या पेन्सिलीलाच वैतागलो. ब्लेड लावलं की लाकूड सोललं जात नाही, त्याचे टवके उडतात, आणि शिसं तुकड्या-तुकड्याने गळून पडतं. मागून पाहिलं तर शिसं मधोमध नाहीच, एका कडेला सरकलेलं. कुठे बनवली याचा खोक्यावर पत्ता नाही.

मग एका मित्राने एका छोट्या, जुन्या कारखान्यातली बिनरंगाची सीडरची पेन्सिल दिली. पहिल्याच कापाला लांब कुरळी साल निघाली, बोटांना वास लागला. हा फरक कशाचा? आणि 'जवळच्या कारखान्यातलं' म्हणून मी उगाच भावुक होतोय का?

खाचपट्टी: पेन्सिल कारखान्यात अकरा वर्षं काढली, म्हणून सांगतो. पेन्सिल म्हणजे सँडविच. लाकडाच्या पट्टीला ओळीने अर्धगोल खाचा पाडायच्या, सरस लावायचा, खाचेत शिसं ठेवायचं, वर तशीच दुसरी पट्टी, आणि दाबून वाळू द्यायचं. मग कटर एकदा वरून, एकदा खालून फिरतो आणि पेन्सिली सुट्या होतात. कटर आणि खाच केसभर जरी चुकले तरी शिसं कडेला जातं. आमच्याकडे मशीनवरच्या बाई दर थोड्या वेळाने मूठभर पेन्सिली उचलून नुसती टोकं बघायच्या. नजरेला खटकलं की मशीन बंद! ते 'बंद' म्हणायची मुभा कामगाराला होती, हा मुद्दा माझ्या लेखी लाकडापेक्षा मोठा. तुमच्या खोक्यात बहुधा सरसही कमी पडलाय. सरस धरला नाही की पेन्सिल एकदा खाली पडली तरी शिसं आतल्या आत तुटतं.

लाकडाचंही आहेच. कॅलिफोर्निया-ओरेगनचा इन्सेन्स सीडर मऊ, सरळ रेषांचा, म्हणून साल अखंड निघते. त्याआधी अमेरिकेत पूर्वेकडचा लाल सीडर चालायचा. तो संपत आला तेव्हा टेनेसीत शेतकऱ्यांना तारेची नवी कुंपणं देऊन त्यांच्या जुन्या कुंपणांची सीडरची लाकडं पेन्सिलींसाठी घेतली गेली.

उलटतपासणी: पण मग 'स्थानिक' ते काय? ग्रॅफाइट एकीकडचं, लाकूड दुसरीकडचं. शेजारचा कारखानाही भिकार माल काढू शकतो.

खाचपट्टी: काढतो की! फक्त तिथे जाऊन भांडता येतं. आणि कच्चा माल बाहेरचा असला तरी कसब आपल्याकडे राहतं. इंग्लंडच्या बॉरोडेलमध्ये इतकं शुद्ध ग्रॅफाइट सापडायचं की नुसत्या कांड्या कापून वापरायचे. लोकांना ते शिसंच वाटलं, म्हणून आपण अजून शिसं म्हणतो, धातूचा पत्ता नाही. युद्धामुळे ते फ्रान्सला मिळेना. तेव्हा निकोला-जाक काँतेने १७९५ साली हलक्या ग्रॅफाइटची पूड मातीत मळून भट्टीत भाजण्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर शिसं कडक, कमी तर मऊ आणि काळं. तुमच्या एचबी-टूबीचा सगळा खेळ त्यातलाच. हातात बनवायची विद्या नसती तर नुसती वाट बघत बसले असते.

उलटतपासणी: काँतेचं मान्य. भावुकपणाबद्दल माझं मत राखून ठेवतो.

रेघोट्या: आज दोन्ही पेन्सिली मागून भिंगाखाली धरल्या. सीडरच्या पेन्सिलीत दोन पट्ट्यांचा सांधा शोधायला वेळ लागला. खोक्यातल्या पेन्सिलीत तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि एका जागी नख जातं. सरसाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. आता उरलेल्या नऊंचं काय करू?

खाचपट्टी: कोणी सुतार ओळखीचा असेल तर देऊन टाका. फळीवर खूण करायला शिसं मधोमध कोणाला हवंय? फक्त गोल असतील तर घरंगळतात म्हणून तो कुरकुर करेल.