शब्दचर्चा: ‘औषधरोधी’ कोण आणि ‘जीवाणुरोधक’ कोण? (बोलणारे आपापल्या भागांच्या नावांनी)

राजारामपुरी: 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मुलांनी पोस्टरचं शीर्षक केलंय: ‘आवश्यक तेलांच्या सूक्ष्मपायसाची प्रतिजैविकरोधी व कर्करोगविरोधी क्रिया’. कोल्हापुरातल्या शाळांतली मुलं आणि पालक वाचणार आहेत. नेमके शब्द सुचवा.

शाहूपुरी: सर, ‘आवश्यक’ आधी काढा. इथला ‘इसेन्शियल’ गरजेचा नव्हे, ‘इसेन्स’ म्हणजे अर्कावरून आलेला. ‘सुगंधी तेल’ म्हटलं तर लोकांना डोक्याला लावायचं तेल वाटेल, आणि त्यात बहुतेक भाग साध्या, न उडणाऱ्या तेलाचा असतो. ‘बाष्पनशील तेल’ लिहा. पोस्टरशेजारी कागदावर निलगिरीचा एक थेंब आणि शेंगतेलाचा एक थेंब टाकून ठेवा. निलगिरीचा डाग उडून जातो, शेंगतेलाचा तसाच राहतो. शब्द तिथंच समजतो.

‘प्रतिजैविकरोधी’ने तर अर्थच उलटा झालाय. त्याचा अर्थ होतो प्रतिजैविकाला दाद न देणारी क्रिया! ‘औषधरोधी जीवाणू’मध्ये रोखणारे जीवाणू, ‘जीवाणुरोधक तेल’मध्ये रोखणारं तेल. म्हणून ‘औषधरोधी जीवाणूंवर’ असं लिहा.

राजारामपुरी: मग ‘जीवाणुनाशक’ म्हटलं तर?

शाहूपुरी: ते प्रयोगावर ठरतं. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये जीवाणूंना तेल वेगवेगळ्या प्रमाणात देतात. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला वाढ दिसत नाही, ती किमान रोधक संहती. एवढ्यावर फक्त ‘रोधक’ म्हणता येतं. वाढ न दिसलेल्या खळग्यांतलं 10 मायक्रोलिटर साध्या, तेल नसलेल्या आगारवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरून रात्रभर 37 अंशांना ठेवायचं. वसाहती उगवल्या तर जीवाणू नुसते थांबले होते. सुरुवातीच्या संख्येतले 99.9 टक्के मेले तरच ‘नाशक’. आणखी एक, या तेलांची वाफ शेजारच्या खळग्यात शिरते आणि तिथलीही वाढ थांबते, त्यामुळं आकडा फसवा येतो. प्लेट चिकटपट्टीनं सील करा आणि तेल न घातलेले, फक्त जीवाणू आणि त्यांच्या खाद्याचे खळगे तेलापासून लांब ठेवा.

मंगळवार पेठ: ‘सूक्ष्मपायस’ही बदलावं लागेल. पायस म्हणजे इमल्शन, बारीक थेंबांनी एकमेकांत मिसळलेलं तेल-पाणी. सूक्ष्मपायस म्हणजे मायक्रोइमल्शन झालं, आणि ती वेगळी चीज आहे; मुलांचं आहे ते नॅनोपायस. मायक्रोइमल्शन आपोआप बनतं आणि टिकतं. नॅनोपायस सहसा जोर लावून बनवावं लागतं आणि कधी ना कधी फुटतंच. गंमत म्हणजे मायक्रोइमल्शनचे थेंब अनेकदा नॅनोपेक्षा लहान असतात, तेव्हा नावातल्या मापावर जाऊ नका. नॅनोपायसाचे थेंब साधारण 20 ते 200 नॅनोमीटर.

100 मिलिलिटरसाठी तेल 5, ट्वीन 80 (तेल-पाणी जुळवून ठेवणारा साबणासारखा पदार्थ) पाच ते दहा मिलिलिटर, बाकी ऊर्ध्वपातित पाणी. तेल आणि ट्वीन आधी नीट मिसळा, मग चुंबकीय ढवळणीवर पाणी हळूहळू सोडा. दुधासारखं होतं. मग चंचुपात्र बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारी दांडी) 30 सेकंद चालू, 30 सेकंद बंद, असा एकूण 10 मिनिटं. बर्फ टाळलं तर तेल तापतं, उडून जातं आणि बाटलीवरचे 5 टक्के खोटे ठरतात. जमलं की दुधाळपणा जाऊन निळसर झाक येते.

दोन बिघाड वेगळे ओळखा. वर तर्री आली तर थेंब मोठे राहिलेत किंवा ट्वीन कमी पडलंय. निळसर झाक जाऊन पुन्हा दुधाळ होत गेलं तर थेंबवाढ, म्हणजे ऑस्टवाल्ड रायपनिंग: लहान थेंबांतलं तेल पाण्यात विरघळून मोठ्या थेंबांत जातं. बाष्पनशील तेलं पाण्यात थोडी विरघळतात, त्यामुळं हा त्रास त्यांना जास्त. तेलाच्या भागात थोडं शेंगतेल मिसळलं की तो मंदावतो, कारण ते पाण्यात जातच नाही.

शाहूपुरी: ‘कर्करोगविरोधी’ तर मुळीच नको. घरात रुग्ण असलेला माणूस ते वाचून बाटली विकत घेईल. ‘प्रयोगशाळेतील कर्कपेशींवर परिणाम’ लिहा. तेही तेल न घातलेलं ट्वीनचं पाणी सोबत तपासलं असेल तरच, कारण ट्वीन स्वतः पेशी मारू शकतं. निरोगी पेशींवरही तीच मात्रा लावायला हवी. एमटीटी या रंगावरून जिवंत पेशी मोजायच्या चाचणीत जिवंत पेशी पिवळ्याचा जांभळा रंग करतात. पण काही वनस्पतिघटक पेशी नसतानाही तो रंग आणतात आणि मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात. म्हणून तेल घातलेला पण पेशी नसलेला एक खळगा ठेवाच.

राजारामपुरी: मग असं: ‘बाष्पनशील तेलांचे नॅनोपायस: औषधरोधी जिवाणूंवर आणि प्रयोगशाळेतील कर्कपेशींवर परिणाम’. चालेल?

मंगळवार पेठ: चालेल. फक्त ‘जिवाणूंवर’ नको, ‘जीवाणूंवर’. सुटा शब्द ‘जीवाणू’, शेवट दीर्घ. समासात ‘जीवाणुरोधक’, तिथं ‘णु’ ऱ्हस्व.