मोठा पाइप हा उपाय नाही
पाइप मोठा टाकला की ड्रेनेज तुंबणार नाही असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. पाणी कमी आणि पाइप मोठा असला की तळाशी नुसता पातळ ओघळ राहतो, वेग पडतो आणि गाळ बसतो, म्हणून तर दिवसातून एकदा तरी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग मिळेल असा उतार आणि व्यास धरतात.

आणि हा गाळ सडला की हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी गॅस) सुटतो, पाइपच्या वरच्या ओल्या भागावरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड करतात, काँक्रीट वरून झिजत जातं. सगळ्यात भयंकर म्हणजे हा गॅस जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, वास नाही म्हणजे सेफ असं समजून मॅनहोलमध्ये उतरलेली माणसं अशीच जातात हो.