अमेरिकेतल्या घरांच्या भेदभावाची भरपाई: वंश पाहून की उत्पन्न पाहून?

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पूर्वकिनारा
अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४,९०० डॉलर निघाली. पगारातल्या फरकाने सहापट दरी पडत नाही. तिचा मोठा भाग घरांच्या मालकीतून आला आणि ती मालकी कोणाला मिळावी हे सरकारने ठरवले होते.

१९३४ पूर्वी घर घ्यायचे तर बहुधा निम्मी रक्कम रोख भरावी लागे, कर्ज तीन ते पाच वर्षांचे असे आणि मुदत संपली की उरलेले मुद्दल एकदम फेडायचे. त्या वर्षी फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन (एफएचए) ही संघीय संस्था आली. ती स्वतः कर्ज देत नव्हती, बँकेच्या कर्जाला विमा देत होती. विमा मिळाला की बँक घराच्या किमतीच्या ८० टक्के कर्ज वीस वर्षांसाठी देई. मात्र विम्याआधी वस्तीची प्रतवारी व्हायची आणि वेगळ्या वंशाचे लोक शेजारी आले की घरांची किंमत पडते, हे त्या प्रतवारीत गृहीतच होते. १९३८ च्या नियमपुस्तिकेत खरेदीखतात वांशिक अट, म्हणजे दुसऱ्या वंशाच्या लोकांनी तिथे राहू नये अशी अट, घालण्याची शिफारस आहे. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाला कृष्णवर्णीय वस्तीलगत गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. दोन्ही वस्त्यांमध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातल्यावरच त्याच्या घरांना विमा मिळाला. ती भिंत आजही उभी आहे.

न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १९४९ साली ७,९९० डॉलरला घर मिळत होते, माजी सैनिकाला आगाऊ रक्कम न भरता. कृष्णवर्णीय सैनिक त्याच दुसऱ्या महायुद्धातून परतला होता, पण त्याला ते घर विकले जात नव्हते. मिसिसिपीत १९४७ साली माजी सैनिकांच्या योजनेतून घर, व्यवसाय आणि शेतीसाठी ३,२०० हून अधिक कर्जे दिली गेली. त्यातली कृष्णवर्णीयांना मिळालेली दोन.

बँकेची दारे बंद असल्याने शिकागोतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ‘करारावर’ घर घ्यावे लागे. सट्टेबाज, कृष्णवर्णीय शेजारी येतील म्हणून घाबरलेल्या गोऱ्या मालकाकडून स्वस्तात घर घेई आणि कित्येकदा दुप्पट भावाने हप्त्यांवर विके. खरेदीखत शेवटचा हप्ता भरेपर्यंत विक्रेत्याकडेच. दुरुस्ती आणि कर मात्र राहणाऱ्याच्या माथी. एक हप्ता चुकला तरी घर जाई आणि आधी भरलेले सगळे बुडे, मग ते घर पुढच्या कुटुंबाला विकायचे. शिकागोच्याच नॉर्थ लॉनडेल वस्तीतल्या अशा कुटुंबांनी १९६८ मध्ये संघटना उभारून हप्ते रोखले.

नुकसान वंश पाहून केले गेले. त्यामुळे भरपाई ‘सर्व गरिबांना’ दिली तर ती भरपाई राहत नाही, कल्याणयोजना होते. इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टन शहराने २०२१ मध्ये काढलेला मार्ग मला योग्य वाटतो: १९१९ ते १९६९ या काळात शहरात राहिलेले कृष्णवर्णीय प्रौढ किंवा त्यांचे थेट वंशज, प्रत्येकी २५,००० डॉलर.

साधा हिशेब
इतिहासाबद्दल वाद नाही. उपाय मात्र न्यायालयात टिकणार नाही, आणि टिकला तरी पुरणार नाही.

आधी पुरण्याचे बोलू. इव्हॅन्स्टनने ठरवले एक कोटी डॉलर, दहा वर्षांत, गांजाविक्रीच्या करातून. भागिले २५,००० म्हणजे ४०० माणसे. कराचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा हळू आले, म्हणून पुढे मालमत्ता हस्तांतरण कराचा पैसा जोडावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये पहिले १६ जण चिठ्ठ्या टाकून निवडले. वाट पाहता पाहता काही वृद्ध अर्जदार वारले. पैसाही सुरुवातीला फक्त घरखरेदी, कर्जफेड किंवा दुरुस्ती यांसाठीच होता. ज्याच्याकडे घर नाही आणि घर घेण्याची ऐपतही नाही त्याने काय करायचे? रोख घेण्याची मुभा २०२३ मध्ये आली.

आता न्यायालय. वंशावर आधारलेल्या सरकारी लाभाला घटनेची सर्वांत कडक कसोटी लागते. २०२१ च्या कायद्यात वंशाने वंचित ठरवलेल्या शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी सुमारे ४ अब्ज डॉलर होते. न्यायालयांनी स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने ती तरतूदच रद्द केली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात वंश पाहून प्रवेश देणे घटनाबाह्य ठरवले, त्यानंतर वाट आणखी अरुंद झाली आहे. इव्हॅन्स्टनवरही २०२४ मध्ये खटला भरला गेला.

कनेक्टिकटचे पाहा. १ जुलै २०२३ पासून ज्या बाळाच्या जन्माचा खर्च राज्याच्या गरिबांसाठीच्या आरोग्य विम्यातून झाला, त्याच्या नावे ३,२०० डॉलर गुंतवले जातात. १८ ते ३० या वयात ते पैसे घर, शिक्षण, व्यवसाय किंवा निवृत्तीसाठी काढता येतात. वंश कुठेही विचारला जात नाही, तरी संपत्ती नसलेल्या घरांपर्यंत पैसा पोहोचतो.

जुने नकाशे
या वादात कोणीतरी लाल रंगाचे नकाशे आणतेच, म्हणून आधीच लिहितो. १९३५ ते १९४० दरम्यान अडचणीतल्या घरमालकांना कर्ज देणाऱ्या एचओएलसी या दुसऱ्या संघीय संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे काढले. वस्त्यांच्या चार श्रेणी: हिरवी सर्वांत चांगली, मग निळी, पिवळी आणि सर्वांत धोक्याची लाल. पण एचओएलसीने आपली बहुतेक कर्जे नकाशे तयार होण्याआधीच दिली होती, आणि कृष्णवर्णीयांनाही दिली होती. एफएचएकडे शहरांची स्वतंत्र माहिती होती आणि खरी नाकेबंदी तिने केली.

याला व्यवहारात फार महत्त्व आहे. कृष्णवर्णीय घरमालक जवळजवळ सगळे लाल-पिवळ्या भागात होते, पण लाल भागात राहणाऱ्यांत एकूण बहुसंख्य गोरेच होते. ‘लाल भागात घर होते’ हा भरपाईचा निकष ठेवला तर पैसा भलतीकडे जाईल. शिवाय त्यातले काही भाग आज इतके महाग झालेत की जुने रहिवासी तिथून केव्हाच गेले. पत्ता हा निकषच चुकीचा.

वाटपपत्र
धागा सगळा उत्तरेतल्या शहरांवर चालला आहे. दक्षिणेत कृष्णवर्णीयांची जमीन वेगळ्या वाटेने गेली.

आजोबा मृत्युपत्र न करता गेले की जमीन सगळ्या वारसांच्या अविभक्त नावावर येते. तीन पिढ्यांत चाळीस-पन्नास हिस्सेदार होतात, निम्मे शिकागो-डेट्रॉइटला. एखादा जमीन विकासक दूरच्या एका वारसाचा बारीकसा हिस्सा विकत घेतो आणि वाटपाचा दावा लावतो. न्यायालय म्हणते, जमिनीचे इतके तुकडे होणार नाहीत, सगळी लिलावात काढा. लिलावात रोख पैसा लागतो आणि तो विकासकाकडेच असतो. नाव स्पष्ट नसल्यामुळे या कुटुंबांना जमिनीवर कर्ज मिळत नाही. वादळानंतर सरकारी मदतही अडते.

२०१० च्या नमुना कायद्याने, ज्या राज्यांनी तो स्वीकारला तिथे, तीन गोष्टी बदलल्या: आधी स्वतंत्र मूल्यांकन, मग विक्री मागणाऱ्याचा हिस्सा त्या भावाने घेण्याची इतर वारसांना पहिली संधी, आणि विक्री टळतच नसेल तर लिलावाऐवजी खुल्या बाजारात. यात वंशाचा उल्लेख नाही, खटल्याची भीती नाही. कुटुंबाला वकील आणि मोजणी यांचा खर्च द्या, एवढ्यानेही पुष्कळ जमीन वाचेल.

पूर्वकिनारा
साधा हिशेब, तुमचे शेतकऱ्यांचे उदाहरण अर्धेच आहे. तरतूद रद्द करणाऱ्या २०२२ च्या कायद्यातच २.२ अब्ज डॉलर ठेवले गेले, कृषी खात्याच्या कर्जवाटपात भेदभाव सोसलेल्यांसाठी. अर्जात वंशाचा निकष नव्हता, घडलेला प्रकार सांगायचा होता. २०२४ मध्ये सुमारे ४३,००० जणांना पैसे मिळाले. म्हणजे नुकसान सिद्ध करून भरपाई देता येते. त्यातली उणीव वेगळी: भेदभाव सोसलेला शेतकरी आधीच वारला असेल तर त्याच्या वतीने वारसांना दावा करता येत नव्हता. इव्हॅन्स्टनने वंशजांना धरले, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे.

कनेक्टिकटची योजना चांगली आहे, पण तिचा पहिला डॉलर २०४१ मध्ये निघेल. करारावर घर गमावलेल्यांची मुले आज सत्तरीत आहेत.

साधा हिशेब
वंशजांना धरायचे तर कागद कुठून आणणार? करारावरच्या घराचे खरेदीखत विक्रेत्याच्याच नावे राहिले, हे तुम्हीच लिहिलेत. ज्याला सर्वांत जास्त लुबाडले त्याच्याकडेच कागद सर्वांत कमी.

पूर्वकिनारा
म्हणूनच इव्हॅन्स्टन मालकी सिद्ध करायला सांगत नाही, वास्तव्य सांगते. जन्मदाखला, शाळेची नोंद, जनगणनेचे पान, विजेचे बिल चालते. भाडेकरूही पात्र ठरतो. शिकागोत हेच करायचे तर अर्जदाराला पुरावे शोधायला लावू नयेत. जुन्या नोंदी महापालिकेने आणि शाळामंडळाने आधी स्वतः लावून घ्याव्यात, मग अर्ज उघडावेत.