नदीतून १० एमएलडी (रोज १० दशलक्ष लिटर) उपसा: उन्हाळ्यात खाली किती सोडायचं?

फुगवटा
छोट्या बंधाऱ्याच्या फुगवट्यातून पाणीयोजनेसाठी रोज १० एमएलडी उचलायचे आहेत. उन्हाळ्यात नदी ४०० लिटर/सेकंदावर येते. पंप ८ तास चालवायचा विचार आहे. दिवसाच्या हिशेबात उपसा २९ टक्केच होतो. चालेल ना? पंपाच्या तोंडावरची जाळी १० मिमी फटींची आहे.

खळाळ
ते २९ टक्के कागदावरचे. ८ तासांत १० एमएलडी म्हणजे ३४७ लि./से. उपसा, तेवढा वेळ खाली उरतात ५३. मासे दिवसाची सरासरी काढून जगत नाहीत. उथळ खडीचे पट्टे आधी उघडे पडतात, आणि कीटकांच्या अळ्या, बऱ्याच माशांची अंडी तिथेच असतात. डोह भरलेला दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच २४ तास उचला: ११६ जातील, २८४ राहतील. शुद्धीकरण ८ तासच चालणार असेल तर कच्च्या पाण्याची सुमारे ६,७०० घनमीटर साठवण लागेल.

माथा_खाच
आणि खाली सोडणं पंपचालकाच्या मर्जीवर ठेवू नका. बंधाऱ्याच्या रुंद माथ्यात १ मीटर रुंदीची खाच ठेवा. रुंद माथ्यावरच्या प्रवाहाचा गुणांक १.७ धरला तर २८० लि./से. जायला खाचेत ३० सेंमी पाणी लागतं. पंप बंद करणारा फ्लोट स्विच त्याच पातळीला बसवा. तळाशी पाइप टाकण्याचा मोह होतो, पण तो पुराच्या गाळानं बुजतो.

२८० हा आकडा मात्र अंतिम नाही. नदीत किती प्रवाह ठेवायचा हे ठरवणाऱ्या टेनंटच्या १९७६ च्या पद्धतीत वार्षिक सरासरी प्रवाहाचे १० टक्के म्हणजे जेमतेम तग, ३० टक्के म्हणजे बरी स्थिती. हंगामी नदीत ती सरासरी पुरांनी फुगलेली असते, म्हणून खडीच्या पट्ट्याची ओली (पाण्याखाली राहणारी) रुंदी वेगवेगळ्या प्रवाहांना मोजूनच ठरवा.

फुगवटा
आणि जाळी?

खळाळ
१० मिमीतून माशांची पिल्लं सरळ पंपात जातात. वेज वायरची (पाचरीच्या आकाराच्या तारांची) जाळी, १.७५ मिमी फट घ्या, फटीतला वेग ०.१५ मी./से.च्या आत. ११६ लि./से.ला ०.७७ चौ.मी. मोकळं क्षेत्र पुरतं. पाला अर्धी जाळी बुजवणार हे धरून १.५५ ठेवा. ८ तासांच्या पंपाला याच्या तिप्पट लागेल, हेही हिशेबात घ्या.

माथा_खाच
सांडपाणी खाली कुठे परत येतं तेही बघा. पुरवठ्याचे ८० टक्के धरले तर ते ९३ लि./से. होतं. २८४ मध्ये मिसळलं तर सांडपाण्याच्या तिप्पट नदीचं पाणी असतं. ५३ च्या वेळी नदीपेक्षा सांडपाणीच जास्त.