एल काझादोर जहाजातील आठ रियालचे नाणे घ्यावे का?

प्रश्न – रुपयासंग्राहक, ह्यूस्टन

नमस्कार. ब्रिटिश भारताचे चांदीचे रुपये मी बरीच वर्षे जमवीत आहे. बुडालेल्या जहाजातील नाणे घेण्याचा विचार मात्र प्रथमच करीत आहे. एल काझादोर हे स्पेनचे जहाज जानेवारी 1784 मध्ये मेक्सिकोतील व्हेराक्रूझ बंदराहून न्यू ऑर्लिन्सकडे निघाले आणि वाटेत बेपत्ता झाले. 1993 मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात त्यातील नाणी आली. त्यांपैकी म्हणून सांगितले जाणारे 1783 सालचे आठ रियालचे नाणे (रियाल हे स्पेनचे जुने चलन) येथील एका विक्रेत्याकडे आहे. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याचा चेहरा ओळखू येतो, परंतु पृष्ठभाग खडबडीत असून वजन 23 ग्रॅमच भरते. समुद्रात न गेलेले त्याच सालचे नाणे जवळपास तेवढ्याच किमतीत मिळत असताना हे घ्यावे का, आणि ते त्याच जहाजातील आहे हे कसे ओळखावे?

उत्तर – टांकसाळ

वजनामुळे शंका घेऊ नये. हे नाणे टांकसाळीतून निघाले तेव्हा सुमारे 27 ग्रॅमचे होते. खाऱ्या पाण्यात चांदीचे क्लोराइड आणि सल्फाइड बनत जाते, मिश्रणातील तांबे आधी निघून जाते आणि वजन घटते. खरी अडचण अशी की, नाणे एल काझादोरचेच आहे हे निव्वळ नाणे पाहून कधीच सिद्ध होत नाही, कारण मेक्सिकोच्या टांकसाळीने त्या वर्षी पाडलेली असंख्य नाणी इतरत्रही गेली आणि आम्ल लावून कोणतेही नाणे 'समुद्रातले' दिसेल असे करता येते. म्हणून मूळ प्रमाणपत्र किंवा मान्यताप्राप्त परीक्षण संस्थेने जहाजाचे नाव नोंदवून सीलबंद केलेली डबी नसेल, तर जहाजाच्या नावासाठी एक पैसाही जास्त देऊ नये.

नाणे त्यातले नाही हे मात्र पुष्कळदा सिद्ध करता येते. त्यावरील साल 1784 च्या पुढचे असेल, टांकसाळीचे चिन्ह मेक्सिकोचे, म्हणजे वर लहान 'ओ' असलेले 'एम', नसेल, किंवा चिनी सराफांनी मारलेले ठसे दिसत असतील, तर दावा तेथेच संपतो. व्हेराक्रूझहून निघून आखातात बुडालेला पैसा चीनच्या बाजारात फिरून आलेला असणे शक्य नाही.

एक कळकळीची विनंती: काळा थर काढण्यासाठी चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पावडर लावू नका. थराखाली खड्डे पडलेली चांदीच उरते आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाणे बिघडते.

उत्तर – जुनी मोहोर

मी समुद्रात न गेलेले नितळ नाणेच घेईन. तरीही आपण जहाजाच्या इतिहासासाठी घेत असाल, तर मालकीचा प्रश्नही विचारावा. 1804 मध्ये पोर्तुगालजवळ बुडालेल्या मर्सिडीज या स्पॅनिश युद्धनौकेची सुमारे 5,94,000 नाणी एका अमेरिकी कंपनीने वर काढली, पण न्यायालयाच्या निर्णयानुसार 2012 मध्ये ती स्पेनला परत करावी लागली. त्यामुळे कोणी 'मर्सिडीजचे' म्हणून नाणे देऊ केले, तर ते त्यांच्याकडे कसे आले हे आधी विचारावे.

उत्तर – गिरगावकर

आपण रुपये जमविता म्हणून सांगतो. सिटी ऑफ कैरो हे जहाज सुमारे 100 टन चांदीची नाणी घेऊन 2 ऑक्टोबर 1942 रोजी मुंबईहून निघाले आणि 6 नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडविले. 104 माणसे गेली. पुढे 5,150 मीटर खोलीवरून बरीचशी चांदी काढण्यात आली, पण ते रुपये इंग्लंडमध्ये वितळवून विकले गेले. आपल्या मुंबईहून गेलेली ही नाणी अशी नाहीशी व्हावीत याचे मला फार वाईट वाटते. त्या नावाने कोणी रुपया दाखविला तर कागद पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

रुपयासंग्राहक, ह्यूस्टन

सर्वांचा आभारी आहे. विक्रेत्याकडे प्रमाणपत्राची केवळ छायाप्रत आहे, म्हणून मी मूळ प्रत मागितली आहे. नाणे पुढे पुण्याच्या घरी ठेवावे असा विचार आहे. त्यात काही अडचण आहे का?

उत्तर – टांकसाळ

आणताना सीमाशुल्क विभागाकडे ते जाहीर करावे आणि खरेदीची पावती जवळ ठेवावी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. पुढे ते अमेरिकेतच विकण्याची शक्यता वाटत असेल, तर ह्यूस्टनलाच ठेवा.